चौथी ओळ

३ फेब्रुवारी

स्क्रूने बजावलं आहे की कॉम्प्युटरला हात लावण्याआधी प्रत्येक पायरी कागदावर लिहायची. मधेच काही बिघडलं तर आपण कुठे होतो ते कळतं. म्हणून ही वही. स्क्रू म्हणजे आमच्या शिक्क्यांच्या दुकानाशेजारचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याला सगळे स्क्रूच म्हणतात, तोही ओ देतो.

काय करायचं आहे ते आधी लिहितो. घरच्या कॉम्प्युटरवर एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ताईचं काम तिच्यावर चालतं. विम्याच्या एका ऑफिसातून तिला जबान्यांची रेकॉर्डिंग येतात. अपघात कसा झाला, कोण कुठे उभं होतं, शिडी कुणी धरली होती. ती ऐकून ती टाइप करते. पायाशी एक पेडल असतं, ते दाबलं की आवाज थांबतो. हे पेडल आणि टायपिंगचा प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टीमवर चालतात. पण त्या सिस्टीमचे अपडेट कधीच बंद झाले आहेत आणि ऑफिसच्या साहेबांनी कळवलं आहे की तुमच्या फायलींबरोबर व्हायरस येतो, बंदोबस्त करा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.

तर जुनीला धक्का न लावता तिच्या शेजारी दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम बसवायची. टायपिंग जुन्यात, इंटरनेट नव्यात. कॉम्प्युटर चालू केला की तो आधी विचारणार, कुठली हवी.

स्क्रू म्हणाला, "एका बिऱ्हाडात दोन सासवा आणतोयस. नांदतील, पण मधे तुला बसावं लागेल."

आमचं घर ताईच्या कामावर चालतं. माझ्या पगाराला आई हातखर्च म्हणते. त्यामुळे काही चुकलं तर काय होईल हे मी इथे लिहीत नाही. मला माहीत आहे.

५ फेब्रुवारी

ताईच्या सगळ्या फायली स्क्रूच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. उतरल्या की नाही हे बघायला एकेक उघडून पाहिली.

ताई म्हणाली, "मास्तर, प्रत्येक पुडी सोडून बघणार आहात का?"

मी नववीत शाळा सोडली आणि तेव्हापासून जगाचं शुद्धलेखन सुधारतो आहे, म्हणून ती मला मास्तर म्हणते. आमच्या दुकानात ते कामच आहे. रबरात कापलेलं चुकीचं अक्षर खोडता येत नाही.

डिस्कचं चित्र तिला दाखवलं. ही निळी पट्टी तुझी, ही मोकळी जागा मी घेणार, तुझ्यातलं काही जाणार नाही. तिने मान तिरकी करून स्क्रीनच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, छान." तिला यात रस नाही. नसू दे. पण बिघडलं तर तिचंच बिघडणार आहे, निदान पट्टी तरी नीट बघायची.

९ फेब्रुवारी, दुकानाला सुट्टी

सकाळी अंघोळ करून बसलो. आई म्हणाली, "काय दिवे लावतोस ते बघू."

जुनीची जागा कमी करण्याची पायरी सगळ्यात अवघड. पट्टी अर्ध्यावर आली आणि तिथेच थांबली. बंद करू नये असं लिहिलेलं होतं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो, न जाणो चुकून वायरीला लागला तर. ताई आतबाहेर करत होती. तिने विचारलं, "हललं का?" मी म्हणालो, "दिसत नाही का, तिथेच आहे." ती परत आत गेली. मग हललं.

दुपारी सगळं झालं. आता कॉम्प्युटर चालू केला की काळा पडदा येतो, त्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत चार ओळी. पहिली नव्या सिस्टीमची, दुसरी तिच्याच जास्तीच्या पर्यायांची, तिसरी मेमरी तपासण्याची आणि चौथी जुनीची. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर पहिली आपोआप उघडते. दोन्ही उघडून बघितल्या. दोन्ही चालतात. माझ्या हातून झालं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

ताईला बसवलं.

"यातली माझी कुठली?"

"चौथी."

"म्हणजे खालचं बटण तीनदा आणि एंटर."

"तीनदा वगैरे मोजू नकोस गं, नाव लिहिलंय समोर. बघून दाब."

"तीनदा," ती म्हणाली, आणि तीनदा दाबून एंटर मारलं. बरोबर उघडली.

मग म्हणाली, हा काळा पडदा आला की आवाज करता येईल का? मी शोधलं. येतो. एक ओळ लिहावी लागते. आता पडदा आला की बीप होते. त्या बीपचं तिला एवढं कौतुक वाटलं की विचारू नका. आईला हाक मारून ऐकवली. बाकी मी दिवसभर जे केलं त्याबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही.

१२ फेब्रुवारी

ताई टाइप करून ठेवते आणि दुकानातून आल्यावर मी ती फाइल नव्या सिस्टीममधून ऑफिसला पाठवतो, असं ठरलं आहे. आज पहिल्यांदा पाठवण्याआधी सहज उघडून वाचली.

एका हमालाची जबानी होती. पहिलं पान स्वच्छ. दुसऱ्या पानावर तो गोदामात शिरतो आणि तिथून दोन ओळी नुसता चिवडा. अक्षरं आहेत, शब्द एकही नाही. मग पुन्हा "त्या वेळी मी दाराजवळ उभा होतो" इथून सगळं नीट.

जुन्या सिस्टीममध्ये जाऊन तीच फाइल बघितली. तिथेही तसंच. म्हणजे डिस्कची जागा कमी करताना मी काहीतरी दुखावलं.

हेडफोन लावून तेवढा भाग ऐकला आणि दोन ओळी स्वतः टाइप केल्या. मला फार वेळ लागतो. आणखी बारीक चुकाही सापडल्या, त्याही काढल्या.

ताईला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. करत राहिली. मग म्हणाली, "असेल तुझ्या त्या डिस्कचं."

१३ फेब्रुवारी

स्क्रूला विचारलं. तो म्हणाला, "डिस्क अशी दोन ओळी चावून तिसरी सोडत नाही रे. खाल्लं तर अख्खं ताट खाते." त्याला बहुतेक माझी समजूत काढायची होती.

१६ फेब्रुवारी

पुन्हा. या वेळी अर्धा परिच्छेद. डिस्क तपासण्याचा एक प्रोग्राम आहे, तो दोनदा चालवला. "दोष आढळला नाही" म्हणतो. मग दोष आहे कुठे?

आई ताईला चहा देताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगलं चाललं होतं पोरीचं. हात लावल्याशिवाय राहवत नाही काहींना." ताईचा कप तिने ताईच्या हातात दिला, वर तिची बोटंसुद्धा कानाभोवती नीट बसवली. माझा कप खिडकीत ठेवला होता, तो मला गार झाल्यावर सापडला. लाडकी असावी तर अशी.

१८ फेब्रुवारी

वायरी नीट लावताना मी स्टूल थोडं दाराकडे सरकवलं होतं. ताई त्यावर आदळली. नडगीला चांगलंच लागलं. आई माझ्यावर अशी ओरडली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "या घरातली वस्तू जागची हलवायची नाही! किती वेळा सांगायचं?" मला तर एकदाही सांगितल्याचं आठवत नाही. पण मी स्टूल परत जागेवर ठेवलं. सध्या माझं काही बोलण्यासारखं नाहीच.

ताई हल्ली संध्याकाळी बाहेर जात नाही. पूर्वी मैत्रिणीकडे तरी जायची. कामाच्या काळजीने खचली आहे, आणि ती काळजी मी आणून ठेवली आहे.

२० फेब्रुवारी

साहेबांचा फोन आला. ताई अंघोळीला गेली होती म्हणून मी घेतला.

"बाईंच्या कामात चुका फार येतायत हो. गेले तीन-चार महिने बघतोय. मधे दोन-तीन फायली बऱ्या आल्या, पण एकंदरीत..."

मी नम्रपणे सांगितलं की तीन-चार महिने नसतील, कारण दुसरी सिस्टीम मी याच महिन्यात बसवली.

"कसली दुसरी सिस्टीम?"

मी सगळं सांगितलं. व्हायरस, दोन सिस्टीम, डिस्कची जागा, चिवडा झालेल्या ओळी. चूक ताईची नाही, माझी आहे, मी दुरुस्त करतो आहे. साहेबांचा आवाज एकदम मोकळा झाला. "असं होय! मग बरं झालं सांगितलंत. मी म्हटलं बाईंना झालं तरी काय. इतकी वर्षं एक काना इकडचा तिकडे नाही."

महिन्यांचा हिशेब त्यांचा चुकतो आहे, पण मोठ्या माणसाला किती टोकायचं.

ताई बाहेर आल्यावर तिला सांगितलं. ओले केस तसेच ठेवून ती कॉटवर बसली.

"तू सगळं स्वतःवर घेतलंस?"

"माझंच आहे ना."

तिने मला जवळ बोलावलं आणि डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. हात आधी माझ्या कानावर आला, मग केसांत गेला. मला वाटतं तिने मला माफ केलं.

२३ फेब्रुवारी, सुट्टी

त्या हाताची परतफेड म्हणून एक गोष्ट केली. चार ओळींचा क्रम बदलला. आता जुनी सिस्टीम पहिल्या ओळीवर आणली आहे. म्हणजे ताईने काहीच करायचं नाही. चालू करायचं आणि बसायचं, दहा सेकंदांत तिची सिस्टीम आपोआप उघडेल. मुद्दाम सांगितलं नाही. उद्या चालू करेल तेव्हा बघेलच.

आई आणि ताई सकाळपासून डॉक्टरकडे गेल्या होत्या, आईच्या गुडघ्यासाठी. परत आल्या तेव्हा आईच जिना भराभर चढली आणि ताई तिच्या दंडाला धरून मागून. ताईचे डोळे टपोरे आणि पाणावलेले होते. रडली असावी. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आई म्हणाली, "म्हणणार काय. वय झालं."

२४ फेब्रुवारी

आज दुकानातली मशीन बंद पडली म्हणून मालकांनी लवकर सोडलं. घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. आई शेजारी गेली होती. दार नुसतं लोटलेलं. आत दिवा नाही.

ताई कॉम्प्युटरसमोर बसली होती. कानाला हेडफोन, पाय पेडलवर, दोन्ही हात कीबोर्डवर तयार. स्क्रीनचा निळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. स्क्रीनवर मेमरीची तपासणी चालली होती. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे वरून खाली धावत होते. ही तपासणी आपण थांबवल्याशिवाय थांबत नाही. एक फेरी झाली की दुसरी सुरू. वर कोपऱ्यात फेऱ्यांचा आकडा होता. दुपारपासून चालली असणार.

मी दिव्याचं बटण दाबलं. तिने मान वळवली नाही. मी जवळ जाऊन हेडफोनला हात लावला तेव्हा ती दचकली.

"तू होय! आज लवकर?" मग म्हणाली, "बघ ना, आज फार वेळ लावतोय रे. बीप झाली, तीनदा खाली गेले, एंटर मारलं. उघडेल, उघडेल म्हणून बसून आहे. काही लिहून आलंय का वर?"

मला आधी माझी चूकच समजली. क्रम बदलल्यावर तीनदा खाली गेलं की मेमरीची तपासणी येते. पण मग ती एवढा वेळ या आकड्यांसमोर...

मी म्हणालो, "ताई, स्क्रीनवर निळं आहे सगळं. आकडे धावतायत."

"निळं?" तिने विचारलं.

मी खाली बसलो. फरशीवरच. ती तशीच समोर बघत होती, जणू मीच तिच्यासमोर आहे. मग हळूच तिने हेडफोन काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"काचबिंदू आहे," ती म्हणाली. "आधी कडेकडेचं गेलं. मधलं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. आता नळीतही धूर आहे. उन्हात थोडं कळतं. संध्याकाळी नाही."

"कधीपासून?"

"तू हात लावायच्या पुष्कळ आधीपासून."

"त्या ओळी?"

"कप ठेवायला, काही घ्यायला हात उचलला की परत ठेवताना कधीकधी एक बटण बाजूला पडतो. बोटांना कळत नाही. पूर्वी दिसायचं, लगेच खोडायचे."

"आईला माहीत आहे?"

"तिनेच सांगितलं, त्याला सांगू नकोस. तो घाबरतो."

मी विचारलं, मी इतके दिवस माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं म्हणत होतो, ते ऐकत होतीस?

"ऐकत होते."

"मग?"

"मग काय. बरं वाटत होतं," ताई म्हणाली. "माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी चुकत होतं."

मी उठून तपासणी थांबवली. खाली लिहून आलं होतं, दोष नाही.

२५ फेब्रुवारी

दुकानात एका दवाखान्याच्या शिक्क्यात अक्षर चुकलं. कापून झाल्यावर कळलं. मालक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आई माझ्याशी नेहमीसारखी बोलते आहे. फक्त मला चहा देताना आज कप हातात दिला.

२७ फेब्रुवारी

नव्या सिस्टीममध्ये एक गोष्ट आहे, जी मी बसवली तेव्हा मला माहीतच नव्हती. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज. आधीपासूनच आत आहे, फक्त चालू करायचा. मराठीही वाचतो. परक्यासारखं वाचतो, पण वाचतो.

ताईला बसवून चालू केला. आधी घाबरली, मग हसायला लागली. "याचं नाक कुणी धरलंय का रे?" मी एक जुनी जबानी उघडून दिली. बाणाचं बटण दाबलं की तो एक ओळ वाचतो. एका जागी चिवडा होता, तिथे तो कफ झाल्यासारखा अडखळला. ताई थांबली. मागे गेली, पुन्हा ऐकलं, खोडलं, नीट लिहिलं. स्वतः. मला हाक न मारता.

मग म्हणाली, "हे आधी का नाही दाखवलंस?" आणि लगेच, "नाही, तू कसं दाखवणार."

अडचण मोठी आहे. पेडल आणि टायपिंगचा प्रोग्राम या बाजूला चालत नाहीत. शिवाय जबानीचा आवाज एका कानात आणि या नाकातल्या माणसाचा दुसऱ्या कानात, दोन्ही एकदम आले की तिला काहीच कळेनासं होतं. स्क्रू म्हणाला, पेडल चालवता येईल, पण खटपट आहे, वेळ लागेल. ताई म्हणाली, लागू दे. तिला शिकायलाही लागेलच.

आज ती जेवताना आईशी दोन वेळा भांडली. पूर्वी भांडायची तशी.

२ मार्च, सुट्टी

साहेबांचा फोन. आवाज अगदी चांगला होता.

"मी वरती तुमची अडचण सांगितली. ते म्हणाले, कारण कळलंय ना, मग कारण काढा. ती दुसरी सिस्टीम काढून टाका, पूर्वीसारखं करा. व्हायरसचं आम्ही आमच्याकडे काहीतरी करतो. गुरुवारी आमचा माणूस येऊन बघेल. सगळं पूर्ववत असेल तर बाईंचं काम चालू. बाईंसारखं काम कोण करतं हल्ली?"

कारण मीच त्यांच्या हातात दिलं होतं. आता ते खोटं होतं असं म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागतं.

आई म्हणाली, "काढ."

मी म्हणालो, "साहेब चांगले आहेत. खरं सांगून बघूया."

"आणि मग? आंधळ्या बाईला देणार आहे का तो जबान्या?"

हा शब्द घरात पहिल्यांदाच कुणी उच्चारला. आईने लगेच पदराने तोंड पुसलं, जणू काही सांडलं होतं.

ताई म्हणाली, "काढ रे. मी टाइप करेन, तू तपासशील. तपासतोसच की. जेवढे दिवस चालेल तेवढे."

मी म्हणालो, "आणि तो आवाज?"

"त्याने काय पोट भरणार आहे?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. जाताना भिंतीला हात लावून गेली. आजवर माझ्यादेखत तिने कधी भिंत धरली नव्हती.

४ मार्च

काढायच्या पायऱ्या लिहून काढल्या. नवी सिस्टीम पुसायची, तिची जागा जुनीला परत द्यायची, सुरुवातीचा काळा पडदा घालवायचा. स्क्रूने वाचून बरोबर आहे म्हणून सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काढायचीच आहे का? नुसता पडदा लपवता येतो. वेळ शून्य कर. थेट जुनी उघडेल. आत दुसरी आहे हे ज्याला माहीत, त्यालाच ती सापडेल."

संध्याकाळी बसलो. पुसण्याच्या पायरीपर्यंत गेलो. "खात्री आहे का?" असं विचारतो तिथे थांबलो. परत आलो आणि वेळ शून्य केली. बीपची ओळ खोडली. चालू करून बघितलं. थेट जुनी. काही कळत नाही.

आईला आणि ताईला सांगितलं, काढलं.

"सगळं?" ताईने विचारलं. "तो नाकातला माणूसही?"

"सगळं."

"बरं केलंस," ती म्हणाली. नंतर बराच वेळ तिथेच बसून होती.

तिला खरं सांगणार होतो. पण उद्या तो माणूस तिलाच विचारेल, तेव्हा तिला आणखी एक खोटं बोलायला लागू नये. तशी ती पुष्कळ बोलली आहे.

५ मार्च

ऑफिसचा माणूस आला. माझ्यापेक्षा थोडा मोठा, घाईत. मी मालकांकडून दोन तासांची सवड मागून घेतली होती.

त्याने कॉम्प्युटर चालू केला. थेट जुनी उघडली. त्याने डिस्कचं चित्र उघडलं असतं तर दुसरी पट्टी दिसली असती. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. उघडलं नाही. ताईला म्हणाला, "काढलं ना सगळं?" ताई म्हणाली, "हो, भावाने काढलं." अगदी सरळ आवाजात.

मग तो म्हणाला, "एक छोटी जबानी आणलीय, करून दाखवता?" आणि हेडफोन तिच्यापुढे धरला.

ताई समोर बघत होती. हेडफोन हवेत. आई दारात उभी होती, तिने ओठ दाबून धरले.

मी तो त्याच्या हातातून घेतला आणि म्हणालो, "हिला आधी हेडफोन पुसून लागतो. नखरे आहेत." शर्टाने पुसला आणि तिच्या हातात दिला. तो हसला. ताई पण हसली, म्हणाली, "मास्तरांच्या घरी शिस्त असते."

तिने टाइप केलं. हात एकदाही उचलला नाही. तो स्क्रीन वाचत होता, मीही. एक चूक नव्हती. एका बाईची जबानी होती. ती म्हणत होती, मी आवाज ऐकला पण वळून बघितलं नाही.

"आता ठीक आहे," तो म्हणाला आणि गेला.

आईने त्याचा कप उचलला. चहा त्याने अर्धाच प्यायला होता. ताई म्हणाली, "पुढची फाइल लाव."

९ मार्च, सुट्टी

काम येतं आहे. मी रोज तपासतो. चिवडा वाढला आहे, कारण आता ती थकते. शनिवारी दोन पानं मलाच पुन्हा ऐकून टाइप करावी लागली. ऑफिसला कळलं नाही. डॉक्टरांनी गेल्या वेळी आईला काय सांगितलं ते मी काल विचारलं. आई म्हणाली, "जे आहे तेही राहणार नाही म्हणाले." आणि भाजी निवडत राहिली.

आज दोघी पुन्हा डॉक्टरकडे गेल्या. मी दाराला कडी लावली. कॉम्प्युटर चालू करताना एक बटण दाबून धरलं की पडदा येतो. दुसरी सिस्टीम उघडली. आवाज चालू केला. मग खुंटीवरचा टॉवेल घेऊन डोळ्यांवर घट्ट बांधला.

तिला शिकवायची वेळ येईल तेव्हा मला येत असायला हवं. आणि ती वेळ सांगून येणार नाही.

पहिला बराच वेळ मी कुठे आहे तेच कळेना. तो माणूस बोलत होता, मेनू, रिकामं, मेनू, रिकामं. मी एक बटण दाबायचो आणि तो भलतंच सांगायचा. वाटायचं, सगळं बंद झालं. एकदा खरंच काहीतरी बंद केलं. घसा कोरडा पडला, पाणी प्यायला उठलो तर टेबलाची कड लागली. तसाच चाचपत गेलो, तसाच परत आलो. स्टूल कुठे आहे ते मला माहीत होतं म्हणून बरं.

शेवटी एक कोरं पान उघडलं. उघडलं असं तो म्हणाला, त्यावर विश्वास ठेवला. एक ओळ टाइप केली. साधी होती, ताईला सांगायची राहिलेली. ती बरोबर झाली आहे का हे बघायला टॉवेल वर करायचा मोह झाला. हात गाठीपर्यंत गेला होता. नाही केला. बाणाचं बटण दाबून त्याला वाचायला लावली.

त्याने वाचली. मधे एका शब्दाशी अडखळला. म्हणजे चूक होती. मी मागे गेलो आणि एकेक अक्षर ऐकायला लागलो. जिन्यात दोघींची पावलं वाजली तोपर्यंत ती मला सापडली नव्हती.